शेवटचा माणूस यायचाय

ये, आत ये. दार लाव आधी, बर्फ आत येतंय. जाकीट चुलीजवळच्या खुर्चीवर टाक आणि बूट काढून पाय शेक. आमच्याकडे रीत आहे, हजार मीटरच्या वर चढलं की सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. तेव्हा मी तुला तू म्हणणार, आणि तूही मला नुसतं बुर्गी म्हण. दिवे गेलेत, पण हा कंदील पुरेल. सूप गरम आहे. तू खा, मी बोलते. आज मला बोलायचंच आहे कुणाशी तरी.

यंदा फेब्रुवारीत मी एक पातेलं परत करायला गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. पातेलं माझ्या मैत्रिणीचं, झेन्टाचं. माझ्या नवऱ्याला, क्वीरिनला, मूठमाती दिल्यावर गावाला जेवू घालायचं होतं, तेव्हा तिनं दिलं होतं. ते हिवाळाभर माझ्या मोरीखाली पडून होतं. परत दिलं की सगळं संपलं असं होईल, म्हणून देववत नव्हतं. शेवटी एक दिवस घासलं, काखोटीला मारलं आणि गेले.

झेन्टाच्या स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर बिअरचे चार मग. दर फेब्रुवारीत हे असंच असतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि ही मंडळी जूनमधली मोटरसायकलची सहल आखत बसतात. कुठला घाट आधी, कुठला नंतर, मुक्काम कुठे, भाजलेलं डुकराचं मांस कुठल्या खाणावळीत चांगलं मिळतं. झेन्टाचा नवरा हार्टल आमचा म्होरक्या, कायम सगळ्यांत पुढे. माझा क्वीरिन त्याच्यामागे. आणि सगळ्यांत शेवटी कोर्बी. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो.

मी आत शिरले. झेन्टानं हळूच भांडी पुसायचं फडकं नकाशावर टाकलं. जणू मी लहान पोर आहे आणि नकाशा म्हणजे मिठाई.

"काढ ते फडकं," मी म्हटलं. "मी काही रडायला आलेली नाही. पातेलं द्यायला आलेय."

फडकं निघालं. लाल पेन्सिलीची रेघ आमच्या गावातून निघून डोंगर चढत होती आणि एका ठिकाणी भलतंच मोठं वळण घेत होती. दरवर्षीचा हा घाट, ज्याच्या पायथ्याशी आत्ता आपण बसलोय, तो तेवढा सोडून दिला होता.

"हे काय? घाट कुठे गेला?"

"यंदा दुसरीकडून जाऊ म्हटलं," हार्टल मगात बघत म्हणाला. "तिकडचा रस्ता फार खराब आहे गं."

"हार्टल, तू टायर विकतोस. खराब रस्ता तुला कधीपासून नकोसा झाला?"

एरवी सगळे हसले असते. कोर्बी तर खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचे केस कॉलरच्या खाली उतरले होते. गावात केस कापायचं दुकान एकच, माझं. दफनानंतर तो माझ्या दारात आला नव्हता, आणि मीही त्याच्याशी बोलले नव्हते.

का, ते सांगते. गटानं गाडी चालवायची आमची एक पद्धत आहे. रस्त्याला फाटा आला की म्होरक्याच्या मागचा माणूस तिथे थांबतो आणि मागच्यांना हात करून रस्ता दाखवतो. शेपूट आलं की तो त्याच्या पुढे गाडी घालून निघतो. नियम एकच. शेवटचा माणूस येईपर्यंत फाटा सोडायचा नाही. ऊन असो, पाऊस असो. हार्टलनंच केलेला नियम, आणि चांगला आहे. आजवर आमच्यातलं कुणी चुकलं नाही.

गेल्या सप्टेंबरात हे सगळे या घाटात होते. मी नव्हते. गावात लग्न होतं, नवरीचे केस माझ्याकडे होते. खिंड ओलांडल्यावर पहिला फाटा लागतो ना, डावीकडे धरणाकडे आणि उजवीकडे इकडे खाली, तिथे क्वीरिन थांबला. बाकीचे पुढे गेले. पण कोर्बी खिंडीच्या अलीकडेच अडकला होता. त्याची साखळी तुटली. धुकं दाटलेलं, फोन लागत नव्हता. एका दूधवाल्यानं त्याला गाडीसकट टेम्पोत घातलं आणि आल्या वाटेनं परत खाली नेलं. कोर्बी गारठला होता, घाबरला होता. फाट्यावर आपल्यासाठी कुणी उभं आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. खाली हार्टलला वाटलं, दोघे कुठेतरी कॉफी पीत बसले असतील.

वर गारा पडायला लागल्या. खिंडीतून उतरणाऱ्या दोघांतिघांनी क्वीरिनसाठी गाडी थांबवली, चल म्हणाले. तो म्हणाला, "माझा शेवटचा माणूस यायचाय." मग अंधारून आलं, आणि लाकडं भरलेला एक ट्रक त्या वळणावर घसरला.

एवढंच. सांगायला किती थोडं लागतं बघ.

तर त्या दिवशी झेन्टाच म्हणाली, "सांगून टाक रे बाबा तिला. आज ना उद्या कळेलच."

हार्टल म्हणाला, "ऑक्टोबरात माझ्या दुकानात दोन डच आले होते. टायर बदलायला. म्हणाले... तुमचा माणूस भला आहे. वर धुक्यात आम्ही धरणाकडे वळत होतो, त्यानं हात करून उजवीकडे पाठवलं."

"कुठला माणूस?"

"पिवळं जाकीट. पांढरी मिशी." त्यानं बिअरचा मग उगाच सरकवला. "मला वाटलं, असेल कुणी. मग पाववाल्याचा ड्रायव्हरही तेच म्हणाला... बुर्गी, तो अजून तिथंच उभा आहे गं."

लोकांना वाटतं मी घाबरले असेन. मला भीती शिवलीसुद्धा नाही. माझ्या मनात एवढंच आलं की, देवा, इतक्या थंडीत! त्याच्या हातमोज्याची शिवण उसवली होती आणि मी उद्या शिवते, उद्या शिवते म्हणत राहिले होते. मग मात्र असा संताप आला की पातेलं मी टेबलावर आपटलं.

"आणि तुम्ही दुसऱ्या वाटेनं जाणार? एकदा विसरलात ते चुकून विसरलात. आता ठरवून विसरताय?"

चूल तडतडत होती. मग खिडकीकडे तोंड करूनच कोर्बी म्हणाला, "मी येतो. शेवटी मीच राहीन."

"तू गाडीला हात लावत नाहीस म्हणे."

"नाही लावत. साखळी अजून तुटलेलीच आहे."

"मग बसव. जूनला वेळ आहे."

हार्टलनं पेन्सील उचलली. जुनी रेघ खोडली, नवी ओढली. घाटापाशी त्याचा हात अडला. "त्या फाट्यावर या खेपेला कुणाला थांबवू?" त्यानं विचारलं, सवयीनं.

"तिथे माणूस आहे," मी म्हटलं.

निघताना मी कोर्बीच्या खांद्यावर हात ठेवला. "दुकानात येऊन जा. ध्यान झालंय नुसतं, केस कापते." तो पन्नाशीचा बाप्या हमसाहमशी रडला. मीही रडले. एकाच माणसाला रडत होतो, तर वेगवेगळं कशाला रडायचं?

जूनमध्ये घाट उघडला. खिंडीपर्यंत लख्ख ऊन होतं, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून काळा रस्ता. खिंड ओलांडली आणि धुकं आलं. हळूहळू नाही, एकदम. समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी माझ्या गाडीवर क्वीरिनच्या जागी होते, हार्टलच्या मागे. फाट्यावर हार्टलनं कुणाला खूण केली नाही. नुसता हळू झाला आणि उजवीकडे उतरला.

मी मान वळवून बघितलं. ओली खडी. लाकडी क्रूस, त्यावर क्वीरिनचा फोटो. बाकी कुणी नाही. खरं सांगू? माझा जीव इतका हिरमुसला! मनात म्हटलं, डच लोकांना दिसतोस, पाववाल्याला दिसतोस, आणि बायकोला नाही? तेवढ्यात हेल्मेटच्या आत निलगिरीच्या गोळीचा वास आला. या गोळ्या तो दिवसभर चघळायचा. मी त्यावरून भांडायची त्याच्याशी. काच वर केली तर वास गेला.

खाली उतरल्यावर पुढचा फाटा हाच. हार्टलनं मला खूण केली आणि मी थांबले. तिकडे, विहिरीपाशी. एकेक गाडी आली, मी हात केला, ती गेली. मग कुणी नाही. धुक्यात गाईंच्या घंटा वाजत होत्या, गाई दिसत नव्हत्या. कोर्बीला इतका उशीर का होतोय ते कळेना.

शेवटी आला. पाय टेकवून उभा राहिला, पण इंजिन बंद केलं नाही. ओठ पांढरे पडले होते.

"दिसला?" मी विचारलं.

"मी थांबलो तिथे... म्हटलं, क्वीरिन, मी आलो रे. उशीर झाला, पण आलो. शेवटचा आलोय. तू हो आता पुढे."

"मग?"

"माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, कापतायत रे तुझे हात. तूच हो पुढे. मागचं मी बघतो..." कोर्बीनं वळून धुक्यात पाहिलं. "बुर्गी, शेवटचा मी नाही. तो येतोय मागून."

म्हणून मी थांबले. मला वाटलं, आता येईल. मग वाटलं, या धुक्यात हळूच येणार. संध्याकाळी हार्टल खालून परत आला. चल म्हणाला, समजावलं, रागावला.

"शेवटचा आला?" मी विचारलं.

त्यानं हेल्मेट घातलं आणि खाली गेला. नियम त्याचाच.

या खाणावळीला स्वयंपाकाला बाई हवी होती. मी राहिले. दुकान बहिणीला दिलं. मला वेड लागलं असं गावात म्हणतात, म्हणू देत. उन्हाळाभर इथे तुझ्यासारखे किती आले! सगळ्यांना सूप वाढता वाढता मी एकच विचारायची, "मागे कुणी होतं का रे?" आणि बहुतेक सगळे हो म्हणायचे. एकच दिवा. बरंच अंतर ठेवून. पुढे जायला जागा दिली तरी पुढे न जाणारा. शेवटच्या वळणापर्यंत असायचा, मग दिसायचा नाही. एका बाईचा हेडलाइट संध्याकाळी वरतीच गेला होता. ती म्हणाली, मागच्यानं आपला दिवा माझ्यापुढे पाडला म्हणून मी उतरले, त्याचे आभार मानायचेत, कुठे आहे तो?

तेव्हा उमगलं मला. तो येत का नाही ते. शेपटानं कुणाच्या पुढे जायचं नसतं, कुणाला मागे ठेवून यायचं नसतं. आणि या रस्त्यावर कुणी ना कुणी मागून येतच असतं. म्हणून एकाला पोचवायचं, परत वर जायचं, पुढच्याला आणायचं. जिवंत होता तेव्हा तरी कुठे वेळेवर घरी यायचा? वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की संपलं. मी जेवण झाकून वाट बघायची. तशीच बघत राहिले. पण आता फार थकलेय रे मी. घरात त्याची ऊब नाही, थडग्यावर तो नाही, इथं असून नाही. त्याच्याशिवायचा हा एवढासा उन्हाळाही मला संपता संपला नाही.

तू खिंडीतून उतरलास तेव्हा तिथल्या चौकीवाल्यानं मागे आडवा दांडा टाकलेला बघितलास? त्याचा फोन आला होता, दिवे जायच्या आधी. म्हणाला, घाट बंद केला, हिवाळाभर आता उघडायचा नाही. वर चिटपाखरू नाही. एक मोटरसायकलवाला तेवढा सोडलाय, त्याला गरम काहीतरी दे. तो तू.

म्हणजे आज तुझ्या मागे कुणीच नाही.

मघापासून विचारायचं टाळतेय. खरं सांग हं. उतरताना आरशात काही दिसलं?

...

एकच होता ना? अंतर ठेवून?

आणि शेवटच्या वळणावर? तिथे नाहीसा नाही झाला? जवळ आला?

थांब, चमचा वाजवू नकोस. ऐक. विहिरीकडून येतोय तो आवाज. तुझी गाडी तर केव्हाची थंड झाली. तुलाही ऐकू येतंय ना? मग बरं झालं. इतके महिने मला वाटायचं, आपल्याच कानात आहे.

तो हॉर्न वाजवणार नाही. घाई करायची त्याला सवयच नाही, इंजिन चालू ठेवून उभा राहील. माझे बूट जरा इकडे सरकव. नाही, तू नको उठूस. बाहेर येऊ नकोस, खिडकीतूनही बघू नकोस, हे तुझ्यासाठी नाही. पाव कपाटात आहे, सकाळी चुलीत दोन लाकडं घाल. खालून कुणी विचारायला आलं तर हार्टलला सांग, शेवटचा आला.

बस तू, सूप संपव. दार मी बाहेरून ओढून घेते.