सिंकवरच्या कपाटाचं दार

कालेर्वोने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं घरीच केली होती, दारं तेवढी राहिली होती. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की," असं तो बायकोला, हेल्लेवीला, बारा वर्षं सांगत राहिला. मार्चमध्ये ती गेली आणि जूनमध्ये त्याने बर्चच्या फळ्या कापायला घेतल्या. रंधा मारतानाही मनातली बोचणी जात नव्हती.

सिंकवरच्या कपाटाचं दार सर्वांत शेवटी बसलं. त्यांच्या कुह्मो गावात घराघरांत असतं तसंच हे कपाट. तळाला नुसती जाळी. धुतलेली भांडी ओलीच आत मांडायची, पाणी खाली सिंकमध्ये निथळतं. मूठ त्याने सवयीने स्वतःच्या उंचीला लावली. ठेंगण्या हेल्लेवीचा हात तिथे पोचलाच नसता, हे नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दाराआडून थेंब पडू लागले. त्याने दार उघडलं. हेल्लेवीचा निळ्या काठाचा कप ओला होता. मार्चपासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"तुम्हीच धुतला असणार, बाबा," मुलगी तुइरे फोनवर म्हणाली. "आईची दारं बारा वर्षं विसरलात, मग कपाचं काय घेऊन बसलात!"

तो कसनुसा हसला. कप मग रोजच ओला सापडू लागला. त्याला भीती वाटली नाही. ती एकदा दिसावी, एवढंच वाटायचं. शेवटी त्याने दाराची मधली फळी काढून तिथे काच बसवली आणि समोर खुर्ची टाकून बसला.

आठवडाभर कप कोरडा.

त्याने घाईघाईने काच उतरवली, फळी परत घातली. "चुकलं माझं," तो दाराला म्हणाला. "नाही बघत. पण तू येत जा गं."

सकाळी थेंब पडले.

कप ओला होताच. पण आज दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, पेन्सिलीची फुली होती आणि फुलीभोवती गोल. भोक कुठे पाडायचं ते हेल्लेवी त्याला कायम असंच आखून द्यायची.

त्याने भोक पाडलं. आतून मूठ बसवली.

दार लावलं, दोघांपुरती कॉफी टाकली आणि कपाटाकडे पाठ करून बसला.

मागे बिजागरी करकरली. तो वळला नाही.

कॉफी गार झाल्यावर त्याने उठून दार उघडलं. आतली मूठ ओली होती, आणि अजून कोमट.