मागून मारलेली हाक

"तो फोटो ठेव खाली. तू हात लावू नकोस त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि चोराकडून माल परत मिळवावा तशी त्यांनी सुनेच्या हातातली चौकट हिसकावून घेतली!

उलट बोलायची सवयच राहिली नव्हती बिचाऱ्या सुनेला! आज नवऱ्याच्या स्मरणसभेला निघायचं, तर निदान आजच्या दिवशी तरी या घरात आपल्याशी कुणी माणसासारखं वागेल, अशी एक वेडी आशा तिनं उराशी धरली होती... ती सकाळी आठलाच संपली. फोटो सासूबाईंनी मुद्दाम जुना निवडला होता. गोलपोस्टसमोर चेंडू छातीशी कवटाळून हसणारा त्यांचा मुलगा, आणि दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत. "असा होता माझा मुलगा," त्या नातीला म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, ते घरात सगळ्यांना पाठ होतं.

नात म्हणजे हिचीच लेक. पंचवीस वर्षांची, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहणारी. फोनवर आजीशी अर्धा अर्धा तास गप्पा, आणि आईला मात्र "बरी आहेस ना?" एवढं विचारून फोन बंद. आईनं काय गमावलं होतं ते एवढ्यावरून कळावं.

गेलेला माणूस मात्र लाखात एक होता, हे वैऱ्यानंही कबूल केलं असतं. सुतारकाम हे त्याचं पोट आणि फुटबॉल हा त्याचा जीव. त्यानं बसवलेलं दार नुसतं लोटलं तरी चूं न करता मिटायचं. संध्याकाळी पाच वाजले की अंगावरचा भुसा झटकून स्वारी मैदानावर, आणि तिथून घरी आली की लेकीचा अभ्यास, आईची औषधं, बायकोच्या हातातली जड बादली... सगळं आपणहून, न सांगता. असा नवरा मिळाला म्हणून तिचं अंतःकरण किती वेळा भरून आलं होतं!

आणि तरीही एकोणीस वर्षांपूर्वीचा तो दिवस उगवायचा राहिला नाही. रेडिओवर अंतिम सामना चालू होता. करवतीचं यंत्र घरघरत होतं, लांब फळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिनं समोरून धरलेलं. जाड फळीला आड येतं म्हणून पात्यावरचं झाकण त्यानंच काढून ठेवलं होतं. आधी तो रेडिओ तरी बंद करा, असं तिनं दोनदा बजावलं, त्यानं हसून मान हलवली. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, निवेदक किंचाळला, त्यानं आनंदानं रेडिओकडे मान वळवली... आणि उजव्या हाताची तीन बोटं भुशात पडली.

त्या खेळापायी हे झालं असेल तर पुन्हा मैदानाचं तोंड बघू देणार नाही, असं सासूबाई दवाखान्याच्या दारात सांगत होत्या. आत खाटेवर तो पांढराफटक पडला होता. "आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "खेळ सुटला तर मी जगणार नाही गं." त्या केविलवाण्या डोळ्यांपुढे तिचं काळीज विरघळलं. बाहेर येऊन तिनं सांगितलं की चूक माझीच, मी मागून हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं.

चार दिवसांची गोष्ट, असं वाटलं होतं तिला! सगळं निवळलं की मी खरं सांगतो, असं तो म्हणाला होता. तो म्हणतच राहिला. गोलकीपरचा प्रशिक्षक झाला, दोन बोटांत रंधा धरून पुन्हा दारं करू लागला, आणि लेक आईला टाकून बोलली की मागाहून येऊन पुटपुटायचा, "सांगतो गं, जरा वेळ येऊ दे." वेळ आली ती त्याचं हृदय बंद पडण्याची.

क्लबचं सभागृह गच्च भरलं होतं. गिऱ्हाइकं आली होती, त्याच्या हाताखाली खेळून बाप झालेले खेळाडू आले होते. त्याच्या दाराचा आवाज होत नाही म्हणून जावई घरी कधी येतो तेच कळत नाही, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं तेव्हा सगळे डोळे पुसता पुसता हसले. मग लेक उठली.

"माझ्या बाबांची बोटं गेली ती एका हाकेमुळे," ती म्हणाली. "माझ्या आईच्या हाकेमुळे. पण एवढ्या वर्षांत त्यांनी तिला एका शब्दानं दुखावलं नाही. माझे बाबा कोण होते, हे कळायला एवढं एकच पुरे."

टाळ्या पडल्या! मागच्या रांगेतल्या दोघी माना उंच करून आईकडे बघू लागल्या. ज्याच्यासाठी ती आयुष्यभर जळली, त्याच्याच क्षमाशीलतेचं कौतुक तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकायचं... काय हे भोग! ती उठली आणि खुर्च्या रचून ठेवलेल्या मागच्या खोलीत शिरली. पाठोपाठ सासूबाई आल्या.

"आई, मी हाक मारली नव्हती," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "माहीत आहे मला. बोटं तुटली तेव्हा मी दारातच उभी होते. तू तर फळी धरून त्याच्या समोर होतीस."

मग का, एवढंच तिनं विचारलं.

"राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. पोटच्या पोरावर कसा काढू? तू आयतीच पुढे आलीस." म्हातारीचा आवाज फुटला. "तो गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. बोलव पोरीला. मीच सांगते तिला सगळं."

तिच्या छातीवरची धोंड हलली. आता फक्त काही क्षण! आज आपली लेक आपल्याला परत मिळणार! ती दाराकडे वळली, तोच दार उघडून लेक आत आली, रडून रडून लाल झालेली, आणि काही कळायच्या आत तिनं आईच्या गळ्यात हात टाकले.

"आई, तिथे बोलता बोलता मला कळलं," ती हुंदके देत म्हणाली. "बाबांनी तुला माफ केलं, मग मी कोण गं अढी धरून बसणारी? मीही तुला माफ केलं. चल, माझ्याकडे राहायला चल."

सहा वर्षांची असताना सुटलेलं ते लेकरू आज पुन्हा तिच्या कुशीत होतं. केसांचा वास बदलला होता, रडण्याची तऱ्हा तीच होती.

"बाळा, ऐक जरा," सासूबाई उठून म्हणाल्या. "तुझ्या बापानं..."

लेकीच्या खांद्यावरून तिनं सासूबाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. आठवड्याभरापूर्वी बाप गेलेल्या पोरीचा बाप तिनं पुन्हा मारायचा, आणि तोही स्वतःच्या सुटकेसाठी? सासूबाई तोंड मिटून उभ्या राहिल्या.

"चुकलंच गं माझं," ती लेकीला म्हणाली. "मी हाक मारायला नको होती."

"जाऊ दे ते आता," लेक म्हणाली, आणि तिनं आईला आणखी घट्ट धरलं.