कठड्यावरचा निळा तुकडा

पहूरला बसचं चाक बसलं आणि उतारू खाली उतरले, एवढंच निमित्त झालं. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर चढत होतं. धनकुंवरबाई पायरीवरून उतरल्या, पदर सावरला, "राज, पाणी..." म्हणाल्या आणि भाचीच्या अंगावर कलंडल्या.

राजकुंवर घाबरली. जळगावच्या चंपालाल शेठ कापडवाल्यांची ती एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली, आणि बालविधवा होऊन भावाकडे परत आलेल्या या आत्यानंच तिला वाढवलेलं. राजकुंवरनं तिला भुवाजी म्हणावं आणि जगात दुसरं कुणी नाही असं समजून चालावं. आता ती भुवाजीच धुळीत बसली होती आणि भोवती बघ्यांचं कडं पडलं होतं.

"बठ्ठा जन मांगे सरका रे, मायले वारा लागू द्या."

कडं मोडून एक तरुण आत आला. त्याच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. ते त्यानं खुशाल राजकुंवरच्या हातात दिलं आणि म्हातारीची नाडी धरली.

"तुम्ही डॉक्टर शेतस का?" कंडक्टरनं विचारलं.

"शे ना. नवा शे, पण शे." मग तो राजकुंवरकडे वळला आणि अहिराणी सोडून पेठेतल्या मराठीत बोलू लागला. "यांना तहान फार लागते?"

"सारखी."

"घरी मोरीला मुंग्या लागतात?"

राजकुंवरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हा काय प्रश्न झाला?"

"उत्तर द्या, मग प्रश्न कळेल."

"...लागतात."

"मधुमेह असणार. माझा दवाखाना जळगावलाच आहे, कापडपेठेच्या तोंडाशी. घेऊन या यांना. भिकन पाटील म्हणून विचारा."

भुवाजी डोळे उघडून पाणी पीत होत्या, म्हणूनच राजकुंवरला हसू फुटलं. "डॉक्टरचं नाव भिकन?"

"आईची आधीची मुलं जगली नाहीत. मला तिनं देवाकडे भीक मागून घेतलं. आम्ही भडगावचे, आमच्यात असंच ठेवतात." तो जरा थांबला. "आणि माझं केळं..."

राजकुंवरनं मूठ उघडली. केळ्याचा पार चेंदा झाला होता.

---

दवाखाना त्यांच्या दुकानासमोर तिरका निघाला. खाली दुकान, वर घर आणि घराला रस्त्यावर गॅलरी, म्हणजे योग म्हणा की फजिती म्हणा, दोघांच्या नजरेला लपायला जागाच नव्हती.

भिकननं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात भुवाजींच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल होऊन बसलं.

"लाल म्हणजे साखर भरपूर," तो म्हणाला. "पिवळा म्हणजे जरा कमी, हिरवा म्हणजे थोडी. निळा निळाच राहिला तर साखर नाही. हे तुम्ही रोज सकाळी घरी करायचं."

"आणि रोज सांगायला जिना उतरून यायचं?"

"या की. मी नाही म्हटलं का?"

"भाईजी म्हणतील ना..." भाईजी म्हणजे तिचे वडील.

त्यावर युक्ती तिनंच काढली. दुकान कापडाचं, चिंध्यांना काय तोटा? सकाळी नळीचा जो रंग येईल त्या रंगाचा तुकडा ती गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालायची. समोर भिकन दवाखान्याचं दार उघडायचा, वर बघायचा, आणि मान हलवून आत जायचा. पेठेला वाटायचं, शेठजींची मुलगी फार टापटिपीची.

चैत्र लाल गेला. मग साखर उतरवणारी गोळी लागू पडली आणि पिवळं दिसू लागलं. आषाढात पावसाची झड लागली, तुकडे वाळेनात, तरी ती ओला हिरवा तुकडा कठड्यावर टाकायची आणि पागोळ्यांच्या आड उभी राहायची. खाली तो छत्री मागे कलती करून बघायचा. बघायला रंग होता, पण बघणं रंगापाशी थांबत नव्हतं.

"किती दिवस हिरवाच?" एकदा गोळ्या न्यायला आली तेव्हा तिनं छेडलं. "तुमच्या विद्येत निळा नाहीच वाटतं."

"आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो. आणि मुंग्या तुमच्याकडे आहेतच."

"होत्या. आता नाहीत. पण निळा कधी?"

तो गोळ्यांची पुडी बांधत होता. बोटं थांबली. "खरं सांगू? या वयाला हिरवा पुष्कळ झाला. आमचे सर म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाच्या मागे फार हात धुऊन लागू नये. थोडी साखर राहिली तर राहू द्यावी."

"म्हणजे हरलात."

"निळा आणला तर काय द्याल?"

"मागाल ते..." ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून दारापर्यंत पळत गेली.

भिकननं सरांचं म्हणणं बाजूला ठेवलं आणि गोळी वाढवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसलीच गत. शहाण्या माणसाचं शहाणपण अशा वेळी नेमकं गावाला गेलेलं असतं.

श्रावणात एका सकाळी नळी उकळली, पुन्हा उकळली, आणि निळीच राहिली. राजकुंवरनं आत पळत जाऊन निळा तुकडा शोधला. खाली दार उघडलं, छत्री मागे गेली. तो भर रस्त्यात पावसात उभाच राहिला. मग पेशंट तपासायच्या निमित्तानं वर आला आणि भुवाजींची नाडी हातात धरून, बघत मात्र दुसरीकडे, म्हणाला, "मागायचं ठरलं होतं ना... मला तुम्ही हव्यात. जन्मभर."

बोलल्या त्या भुवाजी. "नाडी माझी धरली आहेस आणि ठोके हिचे मोजतोस का रे?"

तो गेल्यावर राजकुंवर त्यांच्या कुशीत शिरून रडली. आपण ओसवाल जैन, तो पाटलाचा. भाईजी जीव गेला तरी हो म्हणणार नाहीत, आणि याच्यावाचून आपल्याला जगायचं नाही, हे दोन्ही तिनं एका दमात सांगितलं.

"माझा भाऊ चंपा मला नाही म्हणत नाही," भुवाजी म्हणाल्या. "एरवी म्हणेलही. पारण्याला म्हणणार नाही."

त्यांच्यात चाल होती. पर्युषणात बहिणीनं मोठी तपस्या केली की उपास सोडायच्या दिवशी भावानं साडी घेऊन यायचं, मुगाचं पाणी आपल्या हातानं तिच्या तोंडाला लावायचं आणि म्हणायचं, माग. तपस्वी बहीण मागेल ते द्यायचं. भुवाजींनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. "या वर्षी अठाई करते. आठ उपास. नवव्या दिवशी तुझा डॉक्टर मागून घेते."

"आणि गोळी?"

"व्रत घेताना औषधाची सूट ठेवता येते. डॉक्टरला शब्द दिला आहे, गोळी चुकवायची नाही. उकळलेल्या पाण्याबरोबर घेईन."

राजकुंवर तरी विचारायला गेली. दवाखान्यात गर्दी होती. "भुवाजींचे पर्युषणातले उपास आहेत. गोळी चालू ठेवायची ना?"

"उपास असला तरी एकही गोळी चुकवायची नाही," भिकन लिहिता लिहिता म्हणाला. "फक्त साबुदाणा जरा बेतानं खायला सांगा. आणि शेंगदाण्याचे लाडू नकोत."

राजकुंवर दारात थबकली. त्याच्या भडगावकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर, रताळी. यांच्या उपासात दिवसा उकळलेलं पाणी, तेवढंच. तो चुकतो आहे हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. सांगितलं तर तो अठाई मोडायला लावेल. मग पारणं नाही, मागणं नाही...

"सांगते," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

उपास सुरू झाले त्या दिवसापासून रोज निळा आला. सलग निळा. खाली भिकनला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सहाव्या उपासाला सकाळी भुवाजी सामायिकाला, दोन घटकांच्या ध्यानाला, बसल्या. हातात माळ, डोळे मिटलेले. तपस्येची गाणी म्हणायला पेठेतल्या बायका जमल्या होत्या. वेळ संपली तरी भुवाजी उठेनात. कपाळावर घाम होता आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. राजकुंवर पुढे झाली तेव्हा त्यांतल्या पानबाईंनी तिचा हात धरला. "हात लावू नको. ध्यान लागलं आहे. बघ, तपाचं तेज कसं आलंय तोंडावर." सगळ्यांनी हात जोडले. गाणी चालू राहिली. दुपार झाली, माळ हातातून गळून पडली, तेव्हा राजकुंवरनं कुणाचं न ऐकता भुवाजींना हलवलं. मान एका बाजूला लटकली.

ती अनवाणी रस्ता ओलांडून गेली.

"सकाळपासून काय खाल्लं?" भिकन वर धावता धावता विचारत होता.

"सहा दिवस... काहीच नाही."

तो जिन्यात एकदम थांबला. असा चेहरा तिनं त्याचा कधी पाहिला नव्हता. मग धावत वर गेला, शिरेतून साखरेचं पाणी दिलं, स्वतः उचलून त्यांना टांग्यात ठेवलं.

मोठ्या इस्पितळात भुवाजींनी डोळे उघडले, पण फार उशिरानं. माणसं ओळखल्यासारखं बघायच्या. बोलणं मात्र गेलं ते गेलं. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले.

व्हरांड्यात राजकुंवर त्याला म्हणाली, "तुम्ही साबुदाणा म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं."

"आणि हिरव्यावर थांबायचं हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

चंपालाल शेठ आले. बहिणीला ते जीजी म्हणत. त्यांनी सरळच विचारलं, "डॉक्टर, तुमची गोळी की जीजीचा उपास?"

"उपास त्यांचा होता, पण उपासात काय खाता हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. मी साबुदाण्याचा उपास समजलो." राजकुंवरचं नाव त्यानं काढलं नाही.

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. बाजारात उभं आयुष्य गेलेलं, खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. "दुसऱ्या कुणी उपासावर ढकललं असतं," ते म्हणाले. "येत जा जीजीला बघायला."

---

आश्विनात भुवाजी घरी आल्या. "जीजीचं पारणं राहिलंय," शेठ म्हणाले, आणि त्यांनी साडी आणली. सगळ्यांदेखत बहिणीपुढे मांडी घालून बसले, मुगाचं पाणी तिच्या ओठाला लावलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं, ते आपल्या उपरण्यानं टिपलं. दारात भिकन उभा होता. शेठनीच बोलावलं होतं त्याला.

"माग, जीजी."

भुवाजींचे ओठ हलले. आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. पुन्हा हलले. मग त्यांनी राजकुंवरकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"राज, तुला ठाऊक असेल," शेठ तिच्याकडे वळले. "तिच्या मनात काय होतं? तू सांग. काहीही असो, मी नाही म्हणणार नाही."

राजकुंवरनं दाराकडे बघितलं. भिकन चौकट धरून उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं, तेही खरं. तिच्या जिभेवर ते आलंही. आणि तिच्या हातात भुवाजींचा हात होता, लुळा, गरम.

"भुवाजींच्या मनात होतं," ती म्हणाली, "की माझं लग्न करू नये. मी जन्मभर त्यांच्याजवळ राहावं."

भुवाजींनी जोरजोरानं मान हलवली. नाही, नाही. बायकांना वाटलं, म्हातारीला झटका येतोय. त्यांनी तिला निजवलं. शेठनी डोळे पुसले आणि मान खाली घालून हो म्हटलं.

जिन्यात भिकननं तिला गाठलं. "तुम्ही मागितलं असतं तर ते नाही म्हणाले नसते."

"म्हणूनच नाही मागितलं." ती म्हणाली. "माझा जीव आहे तुमच्यावर. उद्याही राहील. पण तुमच्या घरात रोज चूल पेटवताना मला वाटेल, हे मी भुवाजींची वाचा देऊन विकत घेतलं. तुम्हालाही वाटेल. बोलणार नाही तुम्ही, पण वाटेल."

तो डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "गोळी आता अगदी लहान ठेवली आहे. हिरवा आला की पुरे, पिवळा आला तरी चालेल. निळा आला तर मात्र गोळी द्यायची नाही, तोंडात साखर घालायची आणि जवळ असेल त्या डॉक्टरला बोलवायचं."

"जवळ असेल त्या?"

"मी रावेरला जागा बघितली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी हिरवी झाली. राजकुंवरनं हिरवा तुकडा कठड्यावर टाकला. समोर दवाखान्याची पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती. त्यानं वर बघितलं, डॉक्टर हलवतात तशी मान हलवली आणि आत गेला.

ती आत आली. अंथरुणावरून भुवाजी कोनाड्यातल्या चिंध्यांकडे बोट दाखवत होत्या. राजकुंवरनं पिवळा दाखवला, लाल दाखवला. नाही. बोट निळ्यावरच होतं, आणि मग गॅलरीकडे वळत होतं, त्या पलीकडच्या दाराकडे. पुन्हा निळ्याकडे, पुन्हा दाराकडे. हात खाली येत नव्हता.

राजकुंवरनं तो हात दोन्ही हातांत धरून हळूच अंथरुणावर ठेवला.

"नको भुवाजी," ती म्हणाली. "आता निळा नको."