दार अडवणारी

"आबा, खाले दखू नका. माले लगनमा नेऊ नका, बस्स! अभिमननं लगन मोडाले नको."

कुंदाबाईने हे इतक्या सहज म्हटलं, की मान खाली घालून बसलेल्या पुनाआबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. नवरीचे काका धनसिंग नाना नुकतेच ओसरीवरून उठून गेले होते, आणि जाताना अट घालून गेले होते... कॅसेटवर उघड्या डोक्याचा फोटो छापणारी, आर्केस्ट्रात उभी राहून गाणारी बहीण मांडवात दिसता कामा नये! आणि आबांनी, तिच्या जन्मदात्या आबांनी, 'बरं' म्हटलं होतं.

कुंदाबाई काय कोणी ऐरीगैरी होती? धुळ्यात तिचा स्वतःचा स्टुडिओ होता. अहिराणी गाणी तीच लिहायची, चाली तीच बांधायची, गायचीही तीच, आणि ढोलकीवाला लयीत जरासा चुकला तर भर रेकॉर्डिंगात त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावायची. एक्याण्णव साली पारोळ्यापासून साक्रीपर्यंत तिच्या कॅसेटशिवाय वरात निघत नव्हती. आई गेल्यावर धाकट्या भावाला, अभिमनला, तिनेच वाढवलं, शिकवलं, त्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषयही कधी निघू दिला नाही... आणि आता त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला तीच नको होती! काळीज फाटत होतं, पण अशा अटीपुढे टिपं गाळणारी ती बाई नव्हे.

लग्न नदीपलीकडच्या गावात होतं. घर राखायला ती एकटी मागे राहिली, उंबरठ्यावर माप भरून ठेवलं, आणि दुपारी पलीकडच्या लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं... तिचंच! प्रत्यक्ष धनसिंग नानांच्या मांडवात तिचाच आवाज लागला होता आणि वऱ्हाड त्यावर नाचत होतं. "मेलास्नी टेप पार घासी टाकी," ती स्वतःशीच हसली, "मना आवाज इतला चिरका नही शे!" हसता हसता मात्र बांध फुटला, आणि ती पोटभर रडली.

ठरल्याप्रमाणे नवरी यायच्या आत ती पिशवी घेऊन धुळ्याला निघाली. एसटीच्या थांब्यावर वाट पाहत उभी होती, तोच आबा दिसले... अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत येणारे!

"कुंदा, चाल बेटा! नवरी दारमा उभी शे. म्हनस, नणंदनी दार आडावाशिवाय मी माप वलांडत नही!"

"तिले मनी गोट कोन सांगी?"

"तिले बठ्ठं माहीत शे, तुनी कॅसेट पाठ शे तिले! नाना वरडना, तं त्याले म्हने, मांडवमा तिना आवाज चालस, मंग ती काबरं चालत नही?" आबांनी सोगा सोडून हात जोडले. "जी गोट मी बोलाले पाहिजे व्हती, ती परकी पोर बोलनी... माले माफ कर, माय!"

"आबा, अनवानी काबरं ऊनात?" कुंदाबाई म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला.

दारात नवी नवरी कमल ताठ उभी होती, शेजारी खाली मान घालून अभिमन, आणि टेम्पोजवळ तोंड फिरवून धनसिंग नाना. कुंदाबाई मागच्या दाराने आत शिरली आणि चौकटीला दोन्ही हात लावून तिने दार अडवलं. बहीण दार अडवते ती भावाची लेक आपल्या मुलासाठी मागायला. पण हिला कुठे मुलगा होता! बायका कुजबुजल्या, आता ही मागणार तरी काय?

"अभिमन," तिचा आवाज खणखणीत निघाला, "तुनी पोर, तुनी आंडेर, गानं गावाले लागनी, तं तिले कोनी नको म्हनानं नही. शे कबूल?"

अभिमनने आधी नानांकडे पाहिलं, मग आबांकडे. पण त्याने तोंड उघडण्याआधीच आबा पुढे सरले, आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "वचन मी देस, कुंदा! अभिमननी पोर गाई... आन् पहिलं गानं तिले तूच शिकाड."

कुंदाबाईचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले, आणि कमल माप ओलांडून थेट तिच्या गळ्यात पडली.