रेणुकाबाईंच्या घरचा करंट

महालक्ष्म्या बसल्या, ओवाळून झाल्या, बायांनी हात जोडले... आणि मग कुठे उद्धवरावांच्या लक्षात आलं, की प्लग मागे राहिला!

त्याचं झालं असं. आदिलाबादजवळ, तामसीकडच्या एका गावात उद्धवरावांनी त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, नवी खोली बांधली होती. खोलीच्या मागच्या भिंतीतच पाच कप्प्यांचं फडताळ काढून घेतलं होतं, प्रत्येक कप्प्याला शहाबादी फरशी. गवंड्यानं फडताळ काढलं, वायरमननं वायर ओढली, पण दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. त्यामुळे खोलीतला एकुलता एक प्लग खालच्या कप्प्यात, पार आत जाऊन बसला. यंदा फडताळात आरास मांडायची आणि तिच्यावर आदिलाबादहून आणलेली रंगीत बल्बांची माळ सोडायची, असा बेत महिनाभर चालला होता. पण मुहूर्त टळेल या घाईत त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, ज्वारीनं भरलेल्या दोन्ही कोठ्या नेमक्या त्या कप्प्यापुढे ठेवल्या. वर साड्या नेसवल्या, मुखवटे चढवले, आणि झालं! बसलेल्या महालक्ष्म्या विसर्जनापर्यंत तसूभरही हलवायच्या नसतात. हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

"आता गा आरती अंधारात," उद्धवराव कपाळावर हात मारून म्हणाले. "उद्या हळदीकुंकवाले मावला गावच्या द्वारकाबाई येऊन राह्यल्या. पोरीले पाहायले. आन आपली आरास पाहा, कशी काळीठिक्कर!"

ती पोरगी म्हणजे चंद्रकला. एकोणीस वर्षांची, बारावी पास, आणि बापासमोर तोंड न उघडणारी. द्वारकाबाईंच्या मुलाला आठ एकर कपाशी आहे, एवढंच तिला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. त्याचा चेहरा तिनं पाहिला नव्हता, आणि पाहावासाही वाटला नव्हता. पण हे सांगणार कोणाला?

"जाय वं चंद्रकला," आशाबाई म्हणाल्या, "रेणुकाबाईकडे लांब वायर आहे का पाह्य."

रेणुकाबाई म्हणजे शेजारच्या. मधे एकच सामाईक भिंत. चंद्रकला परसदारानं आत शिरली आणि "मावशी..." म्हणता म्हणता दारातच थबकली. स्टुलावर एक तरुण उभा होता. दातांत वायर, खिशात टेस्टर, आणि केसांवर चुन्याची पांढरी धूळ. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि वायर खाली पडली.

"मावशी आंबील ढवळून राह्यली," तो म्हणाला. "माझ्यानं होत असंल तर सांगा."

"तुमी कोण?"

"खुशाल. मावशीचा भाचा. वांकिडीचा. आदिलाबादले वायरमनचं काम करतो."

"हं... मंग होईल तुमच्यानं," ती म्हणाली, आणि आपल्या हाताला अजून हळद लागलेली आहे हे आठवून तिनं हात पदराआड घेतला. का घेतला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

खुशाल आला. महालक्ष्म्यांना नमस्कार करून त्यांच्यापुढे मांडी घालून बसला, आणि दोन साड्यांमधल्या फटीतून बराच वेळ आत पाहत राहिला. मग उठला.

"हात जात नाही काका. वरच्या होल्डरातून वायर सोडली तर ती लक्ष्म्यांच्या डोक्यांवर लोंबंल, खाली निरांजन, कागदाची फुलं... नोको ते. पण या फडताळाच्या मागं भिंत एकाच विटेची आहे. पल्याड मावशीची खोली. तिकडून एक वीट काढली, तर तिसऱ्या कप्प्यात वायर येते. करंट आमच्याकडचा."

"माझ्या नव्या भिंतीले भोक?" उद्धवरावांचा आवाज चढला.

"भोक नाही काका, एक वीट. विसर्जनाच्या दिवशी बसवून देतो."

"काढू द्या वो," आशाबाई म्हणाल्या. "लक्ष्म्या तीन दिवस अंधारात बसवता काय?" आणि विषय संपला. त्या घरात मोठ्यानं उद्धवराव बोलत, पण ठरवत आशाबाई.

अर्ध्या तासानं तिसऱ्या कप्प्याच्या मागे खुटखुट सुरू झाली. चंद्रकला फडताळाशी उभी होती. थोडी माती पडली, वीट पलीकडे सरकली, आणि त्या चौकोनातून आधी उजेड आला, मग वायरचं टोक, मग दोन बोटं.

"आली का?" भिंतीतून आवाज आला.

"कोण?"

"वायर."

"आली."

"ओढा... हळू. तुटंल."

"आमी काही तोडत नसतो," ती म्हणाली, आणि ओढलीच जोरात! पलीकडे स्टूल हललं, कोणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं. चंद्रकलेनं पदर तोंडात कोंबून हसू दाबलं.

माळ जोडली गेली. क्षणभर काहीच नाही... आणि मग पाचही कप्प्यांत लाल, हिरवे, पिवळे दिवे एकदम उमलले. पोळ्याचे मातीचे बैल, काचेच्या बाटलीतली मोरपिसं, चंद्रकलेनं दुपारभर बसून केलेली कागदी कमळं, सगळ्यांवर रंग चढला. महालक्ष्म्यांच्या नथी लखलखल्या. बाहेर भादव्याची बारीक भुरभुर चालू होती. चंद्रकलेला वाटलं, आपण घरात नाही, कुठल्यातरी ओल्या, रंगीत स्वप्नात उभ्या आहोत. मग तिची नजर त्या चौकोनाकडे गेली. पलीकडून एक डोळा तिच्याकडे पाहत होता, आणि त्या डोळ्यातही एक हिरवा ठिपका होता.

"लाईट विझवायची असंल तर?" तिनं हळूच विचारलं.

"स्विच इकडे आहे. मले सांगा."

"आन लावायची असंल तर?"

"तरी मले सांगा."

"म्हणजे आमच्या लक्ष्म्या तुमच्या हातात?"

"लक्ष्म्या नाही..." तो अडखळला. "फक्त लाईट. लक्ष्मी हाती यायले नशीब लागते."

चंद्रकलेनं उगाचच एक कमळ उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला दिसत होता तो एकच डोळा. अख्खा माणूस पाहिला होता की तिनं स्टुलावर, पण आठवत होता तेवढाच.

दुसऱ्या दिवशी घरात पुरणाची, सोळा भाज्यांची गडबड. चंद्रकलेला मात्र सकाळपासून फडताळच पुसायचं होतं. तिसरा कप्पा तर तिनं चारदा पुसला.

"किती पुसता? फरशी झिजंल," भिंत म्हणाली.

"तुमाले काय कामं नाहीत? कान लावून बसले!"

"कान नाही लावला. वीट नाही ना, म्हणून आवाज येते."

मग बोलणं वाहतच गेलं. खांबावर चढताना भीती वाटते का? वाटते. तामसीच्या बसमधे जागा मिळते का? टपावर मिळते. तिला काय आवडतं? आकाशवाणीवरची गाणी, कच्ची चिंच, आणि... आणि काय? काही नाही, जाऊ द्या. तो हसला की भिंतीतून वारा आल्यासारखं वाटे. चंद्रकला कितीतरी वेळ नुसती ते हसणं ऐकत उभी राहिली, हातातलं फडकं हातातच.

मग तिनं सांगून टाकलं. "आज संध्याकाळी मले पाहायले येऊन राह्यले. मावल्याच्या द्वारकाबाई."

पलीकडे पक्कड खाली पडल्याचा आवाज आला.

"एकर किती?" खुशालनं विचारलं.

"आठ."

"...चांगलं आहे."

"चांगलं आहे?" चंद्रकलेनं फडकं फरशीवर आपटलं. "एवढंच?"

"मी काय बोलू? मले एक गुंठाही नाही. पेचकस आहे, पक्कड आहे. तुमचे बाबा—"

पुढचं तिनं ऐकलंच नाही. मातीचा मोठा बैल उचलला आणि त्या चौकोनापुढे आडवा लावला. बसा म्हणावं आता बैलाशी बोलत!

संध्याकाळी बाया जमल्या. खोली साड्यांनी, मोगऱ्यानं, कुजबुजीनं भरली. द्वारकाबाई चांगल्या होत्या, ही तर खरी पंचाईत. कजाग असत्या तर रागावता तरी आलं असतं! त्यांनी चंद्रकलेला जवळ बसवलं, आरास कोणी केली ते विचारलं, कमळ हातात घेऊन पाहिलं, आणि आशाबाईंकडे वळून म्हणाल्या, "पोरगी आमाले पसंत आहे, बाई. देवीच्या समोर आहो तर आजच सुपारी फोडू."

दारात उभे असलेले उद्धवराव खुलले. सुपारीचं तबक आलं. बोल, बोल, असं चंद्रकला स्वतःला सांगत होती, आणि जीभ काही हलत नव्हती. उद्धवरावांनी सुपारी हातात घेतली—

आणि माळ विझली.

वरचा बल्ब चालू होता. फडताळ तेवढं अंधारात. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांमागे काळोख पसरला.

"अवो माय..." मागून एक बाई पुटपुटली. "सुपारी उचलली आन देवीनं लाईट घालवली."

"शुभ नाही वं बाई हे. पोरीच्या नशिबात काहीतरी—"

आशाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चंद्रकलेला सगळं लख्ख कळत होतं. स्विच भिंतीपलीकडे, खुशालच्या हाताशी होता. गप्प राहिलं तर हे लग्न आपोआप मोडेल. पण उद्या पाच गावांत होईल, की उद्धवरावाच्या पोरीला महालक्ष्मीनंच नाकारलं. मग या घराचा उंबरा कोण चढणार? आईबाबांनी कोणाला तोंड दाखवायचं?

तेवढ्यात परसदार धाडकन उघडलं. खुशाल आत आला. धापा टाकत, अनवाणी, पावसानं भिजलेला. इतक्या बाया पाहून तो गोंधळला, पण मागे फिरला नाही.

"अपशकुन नाही हा," तो म्हणाला. "देवीनं काही केलं नाही. लाईट म्या बंद केली."

"काऊन?" उद्धवराव गरजले.

"सुपारीचं ऐकू आलं काका... आन हात राह्यला नाही. चूक माझी आहे. मले मारा. पण यांच्यावर बोल नोको यायले. यांच्या नशिबात काही वाईट नाही."

मागोमाग आलेल्या रेणुकाबाई पदर तोंडाला लावून दारातच खिळल्या. द्वारकाबाईंनी आधी खुशालकडे पाहिलं, मग चंद्रकलेकडे, आणि तिची हनुवटी हलकेच वर केली.

"तुले माहीत होतं काय पोरी, हा लाईट बंद करंल म्हणून?"

"नाही," चंद्रकला म्हणाली. आवाज कापत होता, पण आला. बापासमोर, गावासमोर, आला एकदाचा! "पण स्विच माझ्याकडे असता... तर मीच बंद केला असता."

खुशालनं मान वर केली. तिनं या वेळी नजर चोरली नाही.

द्वारकाबाई हातातलं कमळ जागच्या जागी ठेवत म्हणाल्या, "मले सून पाहिजे, भाऊ, उसासे टाकणारी बाई नाही. माझ्या पोराले पोरी पुष्कळ. तुमी मनात काही आणू नका. मी हळदीकुंकवाले आली, ते घेऊनच जाते."

आता सगळे उद्धवरावांकडे पाहू लागले. सुपारी अजून त्यांच्या हातातच होती. ते खुशालजवळ गेले, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जमीन?"

"नाही काका."

"घर?"

"भाड्याचं."

"आन एवढ्या बायांसमोर येऊन आपली चूक सांगतो. भेव नाही वाटलं?"

"वाटलं. अजून वाटून राह्यलं."

उद्धवरावांनी एकवार लेकीकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत ती त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलली होती, आणि अजून तशीच ताठ उभी होती, डोळ्यांत पाणी घेऊन. त्यांनी सुपारी तबकात ठेवली, पण तबक आत पाठवलं नाही.

"आधी जाऊन लाईट लाव," ते खाकरून म्हणाले. "लक्ष्म्या अंधारात बसल्या आहेत."

"हाव काका." खुशाल परसदाराकडे वळला.

"आन ऐक!" उद्धवरावांनी हाक मारली. "लावून झाली की डोकं पूस, चप्पल घाल, मावशीले सोबत घे... आन पुढच्या दारानं ये."