हरेश्वर तांडेलांची मोकळी संमती

खारवणे गावच्या शाळेत डॉ. रेवती घोलप यांनी हरेश्वर तांडेलांच्या कपाळाला तिसऱ्यांदा पट्टा बांधला, आणि तिसऱ्यांदा काटा लाल पट्टीत जाऊन थांबला.

"अहो डॉक्टरबाई, मी वाडी द्यायला तयार आहे. मग हे यंत्र 'नाही' का म्हणतं?" हरेश्वर वैतागून म्हणाले.

रेवतीबाईंनी उसासा टाकला. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. आता दुपार झाली की पाठ भरून यायची.

खाडीच्या तोंडाशी दोन्हीकडे खडक होते आणि मध्ये हरेश्वरांची नारळाची वाडी. समुद्र दरवर्षी वर चढत होता. गाव वाचवायचं तर बांध त्या वाडीतच घालायला हवा होता. पूर्वीचं सरकार असतं तर एका नोटिशीत जमीन घेऊन मोकळं झालं असतं. रेवतीबाईंच्या वडिलांचं शेत तसंच गेलं होतं. कागदावर संमतीची सही होती, आणि सही करताना दारात दोन पोलीस उभे होते.

अशा जमिनी गेलेल्यांच्या संतापातूनच संमतीमापक हे यंत्र जन्माला आलं. माणूस दबावाखाली निर्णय घेतो तेव्हा मेंदूत एक विशिष्ट लहर उठते. शास्त्रज्ञांनी तिला दाबलहर म्हटलं, आणि पुढे कायदाच झाला: दाबलहर असेल तर संमती रद्द. मालकाच्या मोकळ्या संमतीशिवाय त्याच्या जमिनीत सरकारलाच काय, शेजाऱ्यालाही पाऊल टाकता येईना. या कायद्यासाठी रेवतीबाईंनी आपली उमेदीची वर्षं घालवली होती. तो चुकीचा आहे असं त्यांना आजही वाटत नव्हतं.

"तुमच्यावर कोणी दबाव आणलाय?"

"कोण आणणार? शेजारच्या म्हाताऱ्या सुगंधावहिनींच्या चुलीपर्यंत पाणी आलं परवा. खाटेवर भांडी रचून बसल्या होत्या. ते बघितल्यापासून माझा डोळा लागत नाही."

"तोच दाब, तांडेलकाका."

"पण तो माझ्या आतला आहे ना!"

"मेंदूला आतलं-बाहेरचं कळत नाही. पोलिसाची भीती असो की मनाची टोचणी, लहर एकच उठते."

हरेश्वरांनी कपाळावरचा पट्टा चाचपला. "मग यावर औषध नाही?"

औषध होतं. निर्भार नावाची गोळी. धमक्यांनी खचलेल्या माणसाला आपल्या मनातलं बोलता यावं म्हणून ती निघाली होती. चार तास ती दाबलहर शमवायची. कायद्याला ती मान्य होती. रेवतीबाईंनी सगळं समजावून सांगितलं. हरेश्वरांनी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली.

तासाभरात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. काटा हिरव्या पट्टीत गेला.

"बांधासाठी जमीन द्यायला तुमची संमती आहे?"

हरेश्वरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही."

"काका, सुगंधावहिनी…"

"त्यांची चूल, त्या बघतील. वाडी माझी आहे." आवाजात ना राग होता ना कुचकेपणा. कोणी वेळ विचारावी आणि त्यांनी सांगावी, तसं ते बोलले. इतका मोकळा आवाज रेवतीबाईंनी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. नोंद यंत्रातून थेट मुख्य कचेरीत गेली.

दिवेलागणीला हरेश्वर धापा टाकत परत आले. गोळीचा अंमल उतरला होता.

"तो मी नव्हतो, बाई. खोडा ते!"

"मोकळा नकार दहा वर्षं खोडता येत नाही. नंतर कोणी दडपण आणून तुमचं मत फिरवू नये, म्हणून."

"अहो, पण फिरवतोय मीच ना?"

रेवतीबाई पट्टा गुंडाळून पेटीत ठेवू लागल्या. त्यांना फार थकल्यासारखं झालं. हरेश्वर बाकावर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या जमिनीत मीच माती टाकली तर?"

"तुमची जमीन. तुम्हाला कोण अडवणार?"

सकाळी परतताना रेवतीबाईंनी वाडीपाशी गाडी थांबवली. आत हरेश्वर एकटेच माती खणत होते, पाटी भरत होते, डोक्यावर घेऊन खाडीकडे नेत होते. कुंपणाबाहेर सारं गाव फावडी आणि घमेली घेऊन उभं होतं.

"आत जाऊ का आम्ही?" सुगंधावहिनींनी विचारलं. "तो हाका मारतोय कधीचा."

"त्यांचा मोकळा नकार नोंदलाय. आता असं बोलावणं कायद्यात बसत नाही," रेवतीबाई म्हणाल्या. "आत पाय ठेवलात तर गुन्हा तुमच्यावर होईल."

म्हातारीने पुढे टाकलेला पाय मागे घेतला. आत हरेश्वरांनी रचलेली माती एव्हाना हातभर लांब झाली होती. बांध तीनशे हातांचा हवा होता. भरतीचं पाणी तिथवर आलं, कडेची थोडी माती घेऊन गेलं, आणि हरेश्वर रिकामी पाटी घेऊन मागे वळले.