काठावरची ओल

वादळ ओसरलं त्या सकाळी कोटरच्या आखातातलं पाणी असं निपचित पडलं होतं, की डोंगरांची अख्खी रांग त्यात उलटी दिसत होती, माथ्यावरच्या बर्फासकट. धक्क्यावरच्या यारीने विमान हळूहळू पाण्यात सोडलं. विमान म्हणायचं ते कागदोपत्री. खाली पोटाला लाकडी होडी, वर दुमजली पंख, पंखांच्या टोकांना तोल सांभाळायला एकेक पोकळ तरंडं, आणि होडीत शेजारी शेजारी बसायच्या दोन जागा. उडायचं हवेतून, टेकायचं पाण्यावर. तळावरचे लोक तिला नुसतं ‘होडी’ म्हणायचे.

लोव्रे ताबाइन टेहळ्याच्या जागेवर बसला आणि दुर्बिणीच्या काचा पुसू लागला. तो दाल्मेशियातल्या एका बेटावरच्या कोळ्याचा पोर. समुद्र त्याच्या रक्तातच होता. शेजारचा वैमानिक इम्रे कार्डोश मात्र हंगेरीच्या सपाट मैदानातला, घोडेवाल्याचा मुलगा. तारुण्यात येईपर्यंत त्याने तळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. दोघे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या आरमारात होते आणि पहिल्या महायुद्धाचं तिसरं वर्ष संपत आलं होतं.

“कॉफी प्यायलास का?” इम्रेने विचारलं.

“कॉफी कसली? भाजलेल्या ओकफळांचं पाणी ते.”

“मग नशीबवान आहेस. माझ्या कपात ओकफळंसुद्धा नव्हती.”

लोव्रे हसला नाही. वादळाच्या आधीच्या त्या दिवसापासून दोघांमध्ये थट्टा सुरू व्हायची आणि मध्येच विझायची.

काम रोजचंच होतं. दक्षिणेला जायचं, शत्रूच्या बोटी कुठे आहेत, कुठे निघाल्यात ते पाहायचं आणि परत यायचं. डोक्यामागे इंजिन धडधडू लागलं, होडीने पाणी कापलं, दोनचार वेळा तळ आपटला आणि एकदम सगळा थरथराट थांबला. ती हवेत होती.

आखाताचं तोंड मागे पडल्यावर इम्रेने न विचारताच होडीचं नाक पश्चिमेला वळवलं.

“आपली वाट ही नाही,” लोव्रे इंजिनाच्या आवाजावर ओरडला.

“ठाऊक आहे मला. तुला नको असेल तर सांग.”

लोव्रेने नको म्हटलं नाही.

वादळाच्या आधीच्या त्या दिवशी तिकडेच त्यांना एक इटालियन पाणबुडी सापडली होती. हवा भरून घ्यायला वर आलेली, बेसावध. दुसरा बॉम्ब नेमका बसला आणि ती नाकाने खाली गेली. मग तेलाच्या तवंगात डोकी वर येऊ लागली. हुकूम नव्हता, तरी इम्रेने होडी खाली उतरवली. पोहणारे येऊन काठाला लोंबकळले. दोन जखमींना त्यांनी कसंबसं आत ओढून पायांशी घेतलं. पण बाकीच्यांना घेऊन होडी उठेना. तेव्हा लोव्रे वाकून त्यांच्याशी बोलला. त्यांची बोली त्याला परकी नव्हती. त्याची आजी त्याच बोलीत शिव्या द्यायची आणि त्याच बोलीत प्रार्थना म्हणायची.

“थांबा,” तो म्हणाला होता, “आम्ही येतो. यांना पोचवतो आणि तुम्हाला न्यायला येतो.”

त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मग मान हलवली आणि साथीदारांना काहीतरी म्हणाला. त्यांनी आपण होऊन हात सोडले आणि एकमेकांच्या खांद्यांवर टाकले. लोव्रेला एकाचंही बोट सोडवावं लागलं नाही. तेच त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. होडी तळावर पोचते न पोचते तोच दक्षिणेचा वारा सुटला, लाटा धक्क्यावर चढल्या आणि अधिकारी कोणालाही बाहेर सोडेनात. दोघे त्यांच्या दारात जाऊन भांडले, रडकुंडीला आले. वारा काही थांबला नाही.

आता खाली समुद्र नुसता काचेसारखा होता. इतका नितळ, की वर आकाश आणि खाली आकाश, आणि मध्ये आपण टांगलेलो, असं वाटावं. लोव्रे दुर्बिणीतून पाहत होता. काहीच नव्हतं. आणि मग होतं.

त्याने दुर्बीण खाली घेतली, डोळे चोळले, पुन्हा लावली. पाण्यावर माणसांचं एक कडं होतं. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, जसे त्या दिवशी सोडले होते तसेच. कोणी हातपाय मारत नव्हतं. सगळे चेहरे वर वळलेले होते आणि होडी जशी सरकत होती, तसे ते तिच्याबरोबर वळत होते. सूर्यफुलं वळावीत तसे.

“इम्रे...”

“दिसतंय मला.” इम्रेचा आवाज घोगरा झाला होता. “एवढ्या वादळात... कोण जगेल रे?”

कड्यातल्या एकाने हात वर केला. हाक मारावी तसा नव्हे. ओळख पटल्यावर माणूस करतो तसा.

“उतर,” लोव्रे म्हणाला.

होडी टेकली, फेसाची रेघ ओढत गेली आणि थांबली. पाण्यावर कोणी नव्हतं. इम्रेने इंजिन बंद केलं, म्हणजे कोणी हाक मारली तर ऐकू यावी. पंखा थांबला आणि अशी शांतता पसरली, की लोव्रेला स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू आलं. लाट नव्हती, पक्षी नव्हता. वास मात्र होता. जळक्या तेलाचा, आणि त्याच्या आडून ओल्या लोकरीचा.

“भास,” इम्रे पुटपुटला. “रात्र रात्र झोप नाही, त्याचे भास...”

तेवढ्यात होडी उजवीकडे कलली.

हळूच कलली. जसा कोणी काठाला हात घालावा. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, जास्त. तरंडं अर्धं बुडालं. लाकूड करकरलं. लोव्रेने वाकून पाहिलं; खाली निळं, स्वच्छ, रिकामं पाणी, आत खोल उतरलेल्या सूर्याच्या सळया. आणि काठावर, सुकलेल्या लाकडावर, चार बोटं मावतील एवढे ओले डाग. एकाशेजारी एक. ओळीने. दोन्ही बाजूंना.

इम्रेच्या तोंडचं पाणी पळालं. तो धडपडत मागे गेला, हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं. जागेवर येऊन त्याने पूर्ण जोर दिला. होडी नाक वर करून धावली, धावत राहिली, पण उठेना. पाणी तिला सोडेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग दोघांनी स्फोटाची कळ न लावलेले बॉम्ब पाण्यात सोडले, कॅमेरा टाकला, नांगर टाकला. तरी ती उठेना. नेमकी त्या दिवशीसारखीच जड झाली होती. तितकीच.

“त्यांना सांग ना!” इम्रे अचानक ओरडला. “तुला येते त्यांची भाषा! सांग, सोडा म्हणावं!”

लोव्रेने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस गोळीबारातून शीळ घालत गेलेला होता. आता त्याची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती.

“एकदा सांगितलं होतं, इम्रे,” लोव्रे म्हणाला. “त्यांनी ऐकलं होतं.”

इम्रेने इंजिन मंद केलं. मग लोव्रे काठावरून वाकला आणि आजीच्या बोलीत, देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाला, “आलो आम्ही. उशीर झाला... पण आलो. घट्ट धरा.”

होडीचं हेलकावणं थांबलं. ती जड राहिली, पण स्थिर झाली.

“उडायचं नाही,” लोव्रे म्हणाला. “पाण्यावरूनच चालव. उत्तरेला दीपगृहाचं बेट आहे. तिथपर्यंत.”

“इंजिन तापेल.”

“तापलं की थांबू.”

असे ते निघाले. आभाळात उडण्यासाठी केलेलं ते यंत्र सामानाच्या पडावासारखं पाण्यावरून सरपटत चाललं. सूर्य वर आला, मग कलला. इंजिन तापलं की इम्रे थांबवायचा, आणि त्या शांततेत काठाबाहेरून श्वास ऐकू यायचे. दमलेल्या माणसांचे, खारं पाणी नाकातोंडात गेलेल्या माणसांचे. मध्येच कोणी खोकायचं. उन्हाने काठावरचे ओले डाग सुकून जायचे आणि लोव्रेच्या डोळ्यांदेखत, त्याच जागी, पुन्हा ओले व्हायचे.

आश्चर्य हे, की भीती केव्हा गेली ते त्याला कळलं नाही. तिच्या जागी जे आलं, त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. पोरवयात एकदा पहाटे वडिलांच्या पडावाशेजारून देवमासा वर आला होता, घराएवढा, आणि बाबांनी निमूट टोपी काढली होती. तसं काहीसं. त्याने आपला हात काठावर, त्या डागांच्या मधल्या कोरड्या जागेत ठेवला. थोड्या वेळाने त्यावर गार वजन आलं. बर्फासारखं गार. त्याने हात काढून घेतला नाही. शेजारी इम्रे सुकाणू धरून सरळ समोर पाहत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“ते त्रास नाही देत आहेत रे,” तो हळूच म्हणाला. “नुसते... धरून बसलेत.”

बेट दिसलं. पांढऱ्या गोट्यांचा उतार, वर दीपगृह, त्याच्याही वर क्रूसाची दगडी देवळी. होडीचा तळ गोट्यांना खरखर घासला आणि त्याच क्षणी ती उचलली गेली. दोन्ही तरंडी पाण्याबाहेर आली. काठावरचे डाग सुकले ते पुन्हा ओले झाले नाहीत. लोव्रेने हात वर केला. बोटं निळी पडली होती.

त्याच्या जिवात जीव आला. अंगातून कसलंतरी ओझं उतरलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली. इम्रेही मोठ्याने हसला. “माझा बाप म्हणाला होता, आरमारात जाऊ नकोस. आता सांगतो त्याला, मी विमान शेतातल्या नांगरासारखं हाकलं म्हणून.”

उतारावरून एक बाई खाली येत होती. हातांवर घोंगड्यांची चळत. दीपगृहवाल्याची बायको, फिल्का. नवरा शिधा आणायला गेला होता, ती आणि शेळ्या तेवढ्या बेटावर होत्या.

“माझेच पाय जड, बाबांनो,” ती धापा टाकत म्हणाली. “मी पोचेपर्यंत गेलेसुद्धा ते. एवढ्याशा होडीतून एवढी माणसं आणलीत तरी कशी?”

लोव्रे होडीतून खाली उतरला. “तुम्ही पाहिलंत, काकू?”

“आता पाहू नको तर काय करू? माझ्या दारावरून तर गेले, देवळीच्या वाटेने. अंगावरून पाणी निथळत होतं बिचाऱ्यांच्या. हाक मारली, रस्सा गरम आहे म्हटलं, एकानेही वर पाहिलं नाही.” तिने घोंगड्या खडकावर ठेवल्या. “पण तुमचा तो सोबती का गेला त्यांच्याबरोबर?”

“आमचा सोबती?”

“तोच, सगळ्यांच्या मागे होता तो. तुमच्यासारखीच कातडी टोपी, हाच कोट. पण ओलाचिंब. त्याने मात्र वळून पाहिलं माझ्याकडे.”

“आम्ही दोघेच आहोत, काकू,” इम्रे म्हणाला. “या होडीत तिसऱ्याला जागाच नाही.”

बाई दोन पावलं जवळ आली. मग म्हणाली, “टोप्या काढा बघू.”

दोघांनी टोप्या काढल्या. तिने एकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग दुसऱ्याच्या, आणि पुटपुटली, “तोच चेहरा.” तिचा हात सावकाश वर गेला आणि तिने छातीवर क्रूस काढला. पण कोणाकडे पाहताना, ते त्या दोघांना कधीच कळलं नाही. त्या क्षणी ते एकमेकांकडे पाहत होते.

“काकू... कोण?” लोव्रेने विचारलं.

घोंगड्यांच्या चळतीतली एक तेवढी, एकाच माणसापुरती, तिने काढून गोट्यांवर ठेवली. बाकीच्या उचलल्या आणि मागे न बघता ती चढण चढू लागली.